डाव्या हाताची परीक्षा

माझ्या डाव्या हाताचं कळल्यावर भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं. "बरं झालं, डावाच गेला." शेजारणीने म्हटलं, नणंदेने म्हटलं, ज्यांच्याबरोबर मी अर्धं आयुष्य ड्युटी केली त्या डॉक्टरांनीही म्हटलं. मी मान हलवत राहिले. भेटायला आलेल्या माणसाशी वाद घातला की तो जास्त वेळ बसतो, एवढं दवाखान्याच्या नोकरीने शिकवलेलं होतं.

खरं तर हात कुठे गेला नव्हता. जागच्या जागी होता, वर उचलला जात होता, मूठ वळत होती, पिशवी धरता येत होती. फक्त त्याला काही कळत नव्हतं. एके दिवशी सकाळी भाकरीचं पीठ मळायला बसले आणि उजव्या हाताला पीठ लागलं, डाव्याला लागलं नाही. दोन्ही हात एकाच परातीत. मी नवऱ्याला म्हटलं, "आवो, माह्या या हाताले पीठच लागून नाही राहिलं." ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. पेपर वाचता वाचता म्हणाले, "पाणी जास्त झालं असन." मी नर्स असून मला स्वतःलाही मेंदूच्या झटक्याची आठवण व्हायला थोडा वेळ लागला. दुसऱ्याच्या अंगावरची लक्षणं आपण पटकन ओळखतो.

झटका लहान होता. तोंड वाकडं झालं नाही, पाय ओढला गेला नाही, बोलणं तर अजिबात कमी झालं नाही. मेंदूच्या मध्यावर, जिथून अंगभरच्या स्पर्शाची वर्दी पुढे जाते, तिथली हरभऱ्याएवढी जागा मेली होती. स्कॅनमध्ये ती दाखवताना डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. वैद्यकाच्या हिशेबाने ते खरंच होतं.

आता डाव्या हाताचं मला एवढं का, ते सांगते. मी अमरावतीच्या एका सरकारी दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. लहान मुलाला सलाईन लावायचं म्हणजे आधी त्याची शीर सापडली पाहिजे, आणि जुलाबाने सुकलेल्या पोराची शीर डोळ्यांना दिसत नाही. ती बोटाने शोधावी लागते. बारीक रबरी नळी चादरीखाली ठेवली आणि वरून बोट फिरवलं तर जशी लागेल, तशी ती लागते, किंचित दबते आणि परत वर येते. सुई उजव्या हातात असते. शोधतो तो डावा. त्याची तर्जनी शिरेवर ठेवून उजव्याने टोचायचं. उजव्या हाताने शोधून पाहिलं, पण त्याला आयुष्यभर नुसतं टोचायची सवय. तो शोधताना गोंधळतो, आणि तो शोधून बाजूला झाला की शिरेवर पहारा कोण देणार?

वॉर्डात माझा त्या बाबतीत थोडा दरारा होता. कोणाला सापडली नाही की "बोलवा त्यांना" असं व्हायचं, आणि मी हातातला चहा खाली ठेवून जायचे. मला ते आवडायचं. झटक्यानंतर मला औषधांच्या साठ्याच्या खोलीत बसवलं. काम हलकं, पंखा स्वतंत्र, कटकट नाही. सगळ्यांना वाटलं, हिचं बरं झालं. मला तिथे बसून वॉर्डातलं रडणं ऐकू यायचं आणि एखादं पोर फार वेळ रडलं की समजायचं, तिसऱ्यांदा टोचतायत. मला वॉर्ड परत पाहिजे होता, आणि तो त्या एका बोटाशिवाय मिळणार नव्हता.

घरातही बोटाने त्रास दिलाच. तव्याला टेकलं तर चटका कळायचा नाही, वास आला की कळायचं. नजर असेपर्यंत हात कप धरायचा. नजर हटली की कप खाली. मास्तरांनी काचेचे कप माळ्यावर टाकले आणि स्टीलचे पेले काढले. चहा ओठांना पोळायचा, पण त्यांनी तक्रार केली नाही.

अकोल्याला एका खाजगी दवाखान्यात मेंदूला चुंबकाची मशीन लावतात, हे नणंदेने कुठून तरी काढलं. ती अकोल्यालाच असते. मी म्हटलं, चुंबक तर बाबालोक पण लावतात, बांगड्या विकतात त्याच्या. पण गेलो. बडनेऱ्याला आमचं घर, तिथून अकोला म्हणजे गाडीत बसून एक डुलकी काढायचं अंतर.

तिथले डॉक्टर तरुण होते आणि त्यांनी खोटी आशा दाखवली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. आधी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला एक माणूस, मान मोडल्यामुळे मानेखाली सगळं अंग लुळं. त्याच्या मेंदूत केसासारख्या तारा बसवलेल्या, शेजारी टेबलावर यंत्राचा हात. त्याचे डोळे बांधलेले. कोणीतरी त्या यंत्राच्या एकेका बोटाला हात लावतं आणि तो बिछान्यातून सांगतो, करंगळी, मधलं, अंगठा. आपलं बोट असल्यासारखं. त्याच्या कानांवर मोठाले हेडफोन होते. मला वाटलं, बिचाऱ्याला गाणी लावून दिली असतील, तेवढाच वेळ जातो.

"आपल्याकडं हे कवा येईन?" मास्तरांनी विचारलं.

"हे अजून प्रयोगातच आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि सिस्टरांना तारांची गरज नाही. हात शाबूत आहे, हातातल्या नसा शाबूत आहेत. मधला रस्ता तुटलाय. आपण बाहेरून चुंबकाने मेंदूचा तो भाग जरा चाळवायचा आणि तो चाळवलेला असतानाच हाताकडून सराव करून घ्यायचा. एखादी पायवाट पडली तर पडली. हमी नाही."

हमी नाही म्हणणाऱ्या डॉक्टरवर माझा विश्वास बसतो. मी हो म्हटलं.

मशीनचं काही दुखत नाही. डोक्याच्या उजव्या बाजूला, कानाच्या वर, आठच्या आकड्यासारखी जाड चकती टेकवतात आणि ती टक-टक वाजत राहते. आधी योग्य जागा शोधतात. जागा लागली की डावा अंगठा आपोआप उडतो. पहिल्यांदा तो उडाला तेव्हा मी त्याच्याकडे बघत होते म्हणून मला कळलं. आपला अंगठा आपल्याला न विचारता हलतो, याची गंमतही वाटली आणि थोडी किळसही. मशीनचा आवाज कानाला त्रास देतो, म्हणून कानात बोळे देतात. मशीन झाली की बोळे काढायचे आणि सरावाला बसायचं.

सराव घेणारी थेरपिस्ट पुण्याची, लग्न होऊन अकोल्यात आलेली. मला काकू म्हणायची. मास्तर काही बोलले की दचकायची. तिला वाटायचं, ते भांडतायत. एकदा ते नुसतं "काहून उशीर करून राहिले तुमी?" म्हणाले तर ती माफी मागायला लागली. मी तिला सांगितलं, यांनी आवाज चढवला तर समजायचं खुशीत आहेत, गप्प बसले तर घाबरायचं.

तिच्याकडे एक स्टीलचा ट्रे होता. त्यात किल्ली, नाणं, बटण, सेफ्टीपिन, बाटलीचं झाकण, खरखरीत आणि गुळगुळीत पॉलिश पेपरचे तुकडे. डोळ्यांवर पट्टी बांधून एकेक वस्तू डाव्या हाताने उचलायची, बोटांत फिरवायची आणि ओळखायची. नायलॉनच्या बारीक केसाने बोटाच्या टोकाला टोचायचीही एक परीक्षा होती. त्यात मला कधीच काही कळलं नाही. ती म्हणायची, "ते सगळ्यात शेवटी येतं काकू, काळजी करू नका."

"घरी काय करू?" मी विचारलं.

"घरात जे असेल ते घ्या. वेगवेगळ्या आकाराचं काहीही."

आमच्या घरात काय असणार? तूर, ज्वारी, हरभरा, मूग. मास्तरांनी शेजारच्या म्हशीवाल्याकडून मूठभर सरकीही आणली. रोज संध्याकाळी ते माझ्या डोळ्यांवर त्यांचा दुपट्टा बांधायचे आणि पुढ्यात ताट ठेवून एकेक धान्य माझ्या डाव्या तळहातावर ओतायचे. मी अंगठ्याने ते बोटांवर घोळायचं, ताटात सोडायचं आणि नाव सांगायचं. शाळेतून आलेल्या माणसाला घरी परत शाळा. पण ते खुशीत होते. दहापैकी मार्क द्यायचे. चुकले तर म्हणायचे, "ध्यान कुठं हाय तुयं?"

सुरुवातीला मी सगळंच चुकायचे. मग तूर बरोबर यायला लागली. मग ज्वारी. मग सरकी, तीही हमखास. थंडी सरेपर्यंत मी दहापैकी नऊ घ्यायला लागले. अकोल्याच्या ट्रेमध्येही तसंच. किल्ली बरोबर, नाणं बरोबर, खरखरीत-गुळगुळीत बरोबर. थेरपिस्ट पोरीने डॉक्टरांना बोलावून दाखवलं. डॉक्टरांनी स्वतः परीक्षा घेतली आणि म्हणाले, "इतकं मला अपेक्षित नव्हतं." मास्तरांनी परतीच्या वाटेत मूर्तिजापूर येईस्तोवर तीन अनोळखी माणसांना ही बातमी सांगितली.

विचाराल, की मला हाताला नक्की काय वाटत होतं? आज सांगते ते असं, की तूर हातात पडली की "तूर" असं मनात यायचं. कुठून यायचं, ते मी तपासलं नाही. स्पर्श असाच असतो असं मला वाटलं. झटक्याच्या आधी तो कसा असायचा, हे मला आठवत नव्हतं. दुखणं गेल्यावर दुखणं नीट आठवत नाही, तसंच हेही. एखाद दिवस शंका यायची. मग मास्तर "नऊ!" म्हणायचे आणि शंका जायची.

दवाखान्यात बातमी पोचली होती. एप्रिलअखेर अकोल्याचा अहवाल आला की मला वॉर्डात परत घ्यायचं असं ठरलं. मी पांढरे बूट धुऊन ठेवले. नवीन आलेल्या सिस्टर पोरींना चांगलं शिकवायचं, असंही मनात आखून ठेवलं. थोडक्यात, माझी गाडी फारच पुढे गेली होती.

एप्रिलमधलं अकोलं ज्यांना माहीत नाही त्यांना काय सांगायचं. शेवटच्या परीक्षेला गेलो तर थेरपीच्या खोलीत खिडकीला मोठा पत्र्याचा कूलर बसवलेला. वाळ्याचा ओला वास आणि असा घरघराट, की बोलायचं तर ओरडून. मशीन झाली, कानातले बोळे काढले, डोळ्यांवर पट्टी बांधली, ट्रे पुढे आला.

"नाणं," मी म्हटलं. ते बटण होतं.

"किल्ली." सेफ्टीपिन होती.

त्यानंतर मी काहीही म्हणत गेले. एखादं आलं असेल तर नशिबाने. मास्तरांनी पिशवीतून धान्याच्या पुड्या काढल्या. त्यांना बायकोची शान दाखवायची होती, म्हणून त्या सोबत आणलेल्या. हरभऱ्याला मी मूग म्हटलं, मुगाला सरकी. सरकीला तर मी म्हटलं, "अजून ओतलंच नाही तुमी."

पट्टी काढली तेव्हा मास्तर गप्प होते.

डॉक्टर आले, त्यांनी माझे डोळे तपासले, हसायला लावलं, हात वर धरायला लावले. दुसरा झटका येऊन गेला की काय, अशी त्यांना भीती होती आणि ती त्यांनी लपवली नाही. समोरच्या गल्लीतल्या सेंटरवर लगेच स्कॅन करून आणायला पाठवलं. त्या भर उन्हात मास्तर माझा डावा हात धरून चालत होते. त्यांनी तो धरलाय हे मला दिसत होतं. मी घाबरले होते, सरळ सांगते. मरणाला नाही घाबरले. वॉर्ड हातातून चालला, याला घाबरले.

स्कॅन स्वच्छ निघालं. जुनी हरभऱ्याएवढी जागा, बाकी काही नाही. दुपारी परत थेरपीच्या खोलीत बसलो असताना लाइट गेली. कूलर घरघरत घरघरत थांबला आणि खोली एकदम शांत झाली. पोरगी म्हणाली, "लाइट येईपर्यंत परत एकदा बघूया का काकू? सकाळी थकला असाल."

पट्टी बांधली. तूर. ज्वारी. हरभरा. किल्ली, नाणं, झाकण. सगळं बरोबर.

"पाहा!" मास्तर ओरडले. "थकली होती ते! उन्हानं झालं!"

मग लाइट आली, कूलर सुरू झाला आणि पुढची वस्तू चुकली. त्याच्या पुढचीही चुकली.

पोरगी उठली, कूलरचं बटण बंद केलं, परत येऊन बसली. बरोबर. परत उठली, कूलर सुरू केला. चूक. बंद केला. बरोबर. माझ्या डोळ्यांवर पट्टी होती, पण तिच्या चपला मला ऐकू येत होत्या, आणि तेवढ्यात मला सगळं कळलं. मी म्हटलं, "पुरे."

मी ऐकत होते. इतके महिने मी कानाने परीक्षा देत होते आणि श्रेय हाताला मिळत होतं. किल्ली ट्रेवरून उचलताना वाजते, नाणं वेगळं वाजतं, खरखरीत कागदावर बोट घासलं की आवाज येतो. आणि धान्याचं तर विचारूच नका. माझी आई सुगीत दुसऱ्यांचं धान्य पाखडून द्यायची, आम्ही भावंडं सुपाच्या आवाजात झोपलेली. तूर जड पडते, मूग सरसरतो, हरभरा उड्या मारतो. सरकीला अंगावर लव असते, ती पडल्याचं ऐकूच येत नाही. म्हणून तर ती हमखास ओळखू यायची. पुण्याच्या पोरीच्या हे डोक्यात येणं शक्य नव्हतं, आणि आम्हा दोघांना ते इतकं सवयीचं, की आमच्याही आलं नाही. मशीनच्या वेळी कानात बोळे होते, परीक्षेच्या वेळी आम्ही ते आठवणीने काढत होतो.

मला राग आला. पण राग कोणावर काढायचा? लबाडी कोणी केलीच नव्हती. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला तिलाच समजवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, थोडीफार सुधारणा असेलही, तसं मोघम लिहून देता येईल. मी म्हटलं, मोघम नको. लहान पोरांच्या हातात सुई घालायची असते.

परतीच्या गाडीत मास्तर खिडकीबाहेर बघत होते. बोरगाव गेलं, मूर्तिजापूर गेलं. मग म्हणाले, "तीस वर्सं झाली, पेपर तपासून राहिलो. अशी कॉपी नव्हती पाहिली बाप्पा." मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. समोरच्या बाकावरच्या बाईने मला पाण्याची बाटली दिली. मला तो व्हिडिओतला माणूस आठवला. तो काही गाणी ऐकत नव्हता. त्याच्या डॉक्टरांना ठाऊक होतं, की मनाला हवं असलं की ते कुठूनही बातमी आणतं. आम्ही तो हेडफोन पाहूनही पाहिला नव्हता.

पुढचं सगळं कंटाळवाणं आहे. परत मशीन, परत सराव, आता कानात कापूस आणि वरून मिक्सर सुरू. दहापैकी शून्य, दहापैकी एक. मास्तर मार्क सांगेनासे झाले. मी एक मात्र शिकले. "तूर" असं मनात आलं की थांबून विचारायचं, हे हाताने सांगितलं की मला हवंय म्हणून आलं? हवं असण्याचाही एक स्पर्श असतो. तो फार गोड असतो आणि बहुतेक वेळा खोटा असतो.

पावसाळ्यात जुलाबांची साथ आली, वॉर्डात माणसं कमी पडली आणि मला परत बोलावलं. मी आधीच सांगून टाकलं, औषधं देईन, ताप बघेन, आयांना ओरडेन, पण सुई लावणार नाही. जाहीर सांगायला जड गेलं. "बोलवा त्यांना" म्हणणाऱ्यांपैकी कोणी काही बोललं नाही, हे जास्त जड गेलं.

एक दिवस चांदूर बाजारकडची एक बाई आली. दोन-अडीच वर्षांचं पोर, जुलाबांनी गळालेलं, पण आवाजात दम होता. आमच्या नव्या सिस्टरने दोनदा प्रयत्न केला, सापडली नाही. बाईने मला ओळखलं.

"तुमीच लावा ना सिस्टर. याच्या मोठ्या बहिणीले तुमीच लावली होती. एकाच डावात लागली होती."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काही म्हणायच्या आत माझा डावा हात पुढे गेला होता. पोराच्या कोपराच्या घडीत मी तर्जनी ठेवली. काही नाही. जरा सरकवली. तिथे काहीतरी होतं. दबलं आणि परत वर आलं. इतक्या महिन्यांनी! मी श्वास धरला आणि बोट तिथेच ठेवून स्वतःला विचारलं, हे बोटाने सांगितलं की मला हवंय म्हणून आलं? आणि उत्तर मला माहीत होतं.

मी बोट उचललं. "तू लाव," मी नव्या सिस्टरला म्हटलं. "दुसऱ्या हातावर पाहा. मले नाही कळून राहिलं." हे मी त्या बाईसमोर म्हटलं. तिचा चेहरा पडला. माझी कीर्ती तिच्यापुरती तिथे संपली.

"मी धरते त्याले," मी म्हटलं. पोर खूप हिसके मारत होतं. मी त्याच्यावर वाकून उजव्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि डावा हात त्याच्या छातीवरून घेऊन खांदा दाबून ठेवला. माझी नजर सुईवर होती. नव्या सिस्टरचं बोट शिरेवर थांबलं, सुई आत गेली, नळीत रक्ताचा लाल थेंब चढला. मी त्या थेंबाकडे बघत होते, दुसरीकडे कुठेही नाही.

आणि माझ्या तोंडून "आई गं!" निघालं. डावा हात आपोआप मागे आला होता.

मी खाली पाहिलं. अंगठ्याच्या मुळाशी दातांची बारीक अर्धगोल रांग उमटली होती. पोराने कडाडून चावा घेतला होता. मी ते पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं, मागितलंही नव्हतं. हात ठणकत होता. माझा हात ठणकत होता.

"मेल्या पोट्ट्या!" बाईने त्याच्यावर हात उगारला. "सिस्टरले चावतं? लय लागलं का वो?"

मी तिचा हात धरला. "मारू नका त्याले," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला ते आवरता येत नव्हतं. "दुखलं मले. लय दुखून राहिलं."

"माफ करा वो सिस्टर, लेकरू हाय, समजत नाही त्याले."

"अवो, दुखून राहिलं मले," मी परत म्हटलं. आणि ती बिचारी परत माफी मागायला लागली.